कुंदाताईचे सुटलेले टाके

१३ जुलै १९७१, मंगळवार

कुंदाताईच्या विणीत सुटलेला टाका! आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. चष्मा पुसला. खिडकीशी नेऊन पाहिलं. स्वेटरच्या पाठीत, खांद्याच्या जरा खाली, एक टाका सुटून काही ओळी घसरलेला. शिडीसारखी फट.

शकूचा असता तर काही नाही. तिचे सुटतातच. माझेही सुटतात. पण आम्हा चौघींना जिने सुया धरायला शिकवल्या, तिचा?

क्रोशाच्या सुईने टाका उचलला, ओळीओळीने वर आणला, बसवला. कुठे होता ते आता मलाही दाखवता येणार नाही.

खरं तर तिला सांगायला हवं. आमचा नियमच आहे. मंगळवारी दुपारी जमलो की आधी प्रत्येकीने आपलं काम डावीकडच्या बाईच्या हातात द्यायचं. तिने उलटसुलट करून बघायचं, आणि चूक दिसली तर मोठ्याने सांगायची. मग सगळ्यांसमोर उसवायचं. नियम कुंदाताईचाच. "घरी जाऊन उसवते म्हणणारी कधी उसवत नाही," म्हणते.

पण हा टाका बैठकीत सापडलेला नाही. सगळ्यांचे विणून झालेले भाग शेवटी माझ्याकडे येतात. पाठ, पुढचा भाग, बाह्या जोडायचं काम कुणालाच नको असतं, मला आवडतं. घरी सापडलेल्या चुकीला नियम लागू होतो का? — असले प्रश्न बहुधा मलाच पडत असावेत.

एकच टाका. पुढच्या मंगळवारी सांगेन, हसत हसत.

२० जुलै

सांगितलं नाही.

बैठक जयंतीकडे होती. हवा अशी दमट की लोकर सुईवरून सरकेना. जयंतीचे यजमान आतून म्हणाले, "मुंबईत स्वेटर! समुद्राला घालणार आहात का गं?" जयंती म्हणाली, "नाही, तुमच्या तोंडाला!" कुंदाताई इतकी हसली की तिचा लोकरीचा गुंडा घरंगळत पलंगाखाली गेला.

शकूच्या बॉर्डरीत चूक निघाली. कुंदाताईनेच काढली. "उसव."

"कुंदाताई, आतल्या बाजूला आहे गं. कोण बघतंय?"

"मी बघतेय. उसव."

शकूने रडण्याचे आवाज काढत उसवलं. मथुरा तिची लोकर गुंडाळायला बसली. "रडतंस कित्याक गो? लोकर खंय पळान जाता?" मथुरा बावीस वर्षं अंधेरीत आहे, पण हसताना अजून मालवणात जाते.

मग कुंदाताईचं काम डावीकडे गेलं, जयंतीच्या हातात. जयंतीने उलटवलं. पुन्हा उलटवलं. तिचा अंगठा एका जागी थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मी माझे टाके मोजायला लागले.

"ठीक आहे," जयंती म्हणाली आणि परत दिलं.

जयंती! जी माझ्या सासूबाईंना तोंडावर म्हणाली होती, तुमचा शिरा गोळा झालाय!

३ ऑगस्ट

पुन्हा. बाहीत दोन ठिकाणी. एका ठिकाणी उलटाच्या जागी सुलट, अख्खी ओळ. उसवून विणून काढलं. माझी ओळ तिच्या ओळींत मिसळून गेली, वेगळी ओळखू येईना.

हे म्हणाले, "आज खुशीत दिसतेस." चहा गार झाला होता, मला कळलंच नव्हतं.

१७ ऑगस्ट

जयंतीने जिन्यात गाठलं.

"तूही बघितलंस ना?"

"हो."

"किती दिवस?"

"महिना झाला. मी दुरुस्त करते."

"बरं करतेस." मग, "सांगायला हवं गं तिला."

"सांग ना."

"मी? तू सांग. बी.ए. तू आहेस."

दोघी हसलो. पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे दोघींना कळत होतं. जयंतीचं म्हणणं — तिचा मुलगा बाळ कॅनडाला गेल्यापासून कुंदाताईचं मन थाऱ्यावर नाही. चार महिने त्याचं पत्र नाही. अण्णा म्हणजे तिचे यजमान, ते पेपरात डोकं घालून बसणारे. विणकाम सोडून तिच्याकडे दुसरं काय आहे? आणि त्यातही चुकतेस म्हणून सांगायचं? "वाट लागेल तिची. चार दिवसांत सुधारेल. वय असतं गं हे, आपलंही येईल."

मला पटलं. पटावं असं मला वाटत होतं, म्हणून पटलं का?

७ सप्टेंबर

गणपती होऊन गेले, अंजनाबाई मासळी घेऊन पुन्हा दारी यायला लागली. आज तिची पाटी आमच्या खालच्या पायरीशी होती. कुंदाताई बैठकीला आली ती सरळ पाटीत पाय घालून! पापलेटांवर!

"डोलं घरी ठेवून आयलीस का गो बाय?" अंजनाबाई कडाडली. "माजी पापलेटा म्हंजे काय पायपुसना हाय?"

कुंदाताई हसत सुटली. आम्हीही. तिचा पाय धुवून दिला, तरी बैठकभर माशाचा वास. शकू म्हणाली, "आजच्या स्वेटरला मांजरं लागणार!"

पाटी अंधारात नव्हती. भर दुपारी, उजेडात होती. लिहून ठेवते.

१४ सप्टेंबर

बाळच्या स्वेटरचे भाग आले. थंडीआधी कॅनडाला पोचायला हवा. राखाडी लोकर, छातीवर विणीतच पीळ घालून उठवलेल्या दोन वेण्या. देताना म्हणाली, "सावकाश जोड. नीट बघून जोड." दोनदा म्हणाली.

पुढचा भाग बघून मी खालीच बसले. वेणी एकदा उजवीकडे वळलेली, मग डावीकडे, मग वळलेलीच नाही. ही वेणी तिने आम्हाला शिकवली. शिकवताना सुईने माझ्या बोटांवर टोचलं होतं!

आता टाका उचलून भागणार नाही. सगळा पुढचा भाग उसवायला हवा. असा उसवायचा तर तिला सांगायला हवं. आणि सांगितलं तर ती म्हणेल, दे इकडे, मीच उसवते. आणि पुन्हा असाच विणेल.

१८ सप्टेंबर

उसवला. बॉर्डर तेवढी तिची ठेवली. लोकरीला पीळ पडले होते, भिजवून वाळवून सरळ केली. दुपारी जेवणं झाली की गॅलरीत बसते. मरोळच्या कारखान्यांचा भोंगा झाला की उठते. वेणी चांगली येतेय. खरंच चांगली येतेय. कुंदाताईची वीण थोडी सैल असायची. ही एकसारखी आहे.

हे लिहून वर पाहिलं तर वाक्य विचित्र दिसलं. राहू दे.

२१ सप्टेंबर

स्वेटर दिला.

तिने आधी हात फिरवला. मग खिडकीशी नेला, डोळ्यांजवळ धरला, एकेक वेणी बोटाने वरपासून खालपर्यंत चाचपली. बराच वेळ. कळलं वाटतं!

मग वळून माझ्याकडे बघितलं. "हे मी विणलंय?"

"मग काय मी?"

"चुकलं नाहीये कुठे."

"तुझं कधी चुकतं का?"

खुर्चीत मागे टेकली. एकदम हलकी झाल्यासारखी. "चला! सुटले बाई." मग शकूच्या गालावर चापट मारून, "दाखव गं तुझं, बघू काय उजेड पाडलायस."

किती दिवसांनी तिला अशी पाहिली. इतक्या दुपारींच्या कष्टांचं चीज झालं. दुसऱ्यासाठी करावं आणि बोलू नये, यापेक्षा वेगळं ते काय असतं!

१२ ऑक्टोबर

आता सगळ्यांना ठाऊक झालंय. आज बसायच्या जागा बदलल्या, कुंदाताईचं काम शकूकडे गेलं. शकूने निरागसपणे तोंड उघडलं, "कुंदाताई, इथे —" जयंतीने तिच्या मांडीला असा चिमटा घेतला की ती किंचाळली.

"काय गं?"

"मुंगी," शकू म्हणाली.

नंतर मथुराने चुलतबहिणीकडून आणलेली नवी नक्षी दाखवली, पानापानांची. काय सुरेख! प्रत्येक पानाला मधली शीर. आम्ही लहान मुलींसारख्या तिच्या अंगावर पडलो. अर्ध्या तासात माझं पहिलं पान उतरलं, शकूचंसुद्धा! ओरडलो, टाळ्या पिटल्या.

कुंदाताईने दोनदा सुरुवात केली, दोनदा काढली. "मला नाही आवडत असल्या भोकाभोकांच्या नक्ष्या," म्हणाली आणि साधी वीण काढून बसली.

कुणीही काही बोललं नाही. हल्ली आम्हाला न बोलणं छान जमतं.

९ नोव्हेंबर

मोज्याची टाच. उसवली.

५ डिसेंबर, रविवार

लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद. काल संध्याकाळी भोंगा झाला. कारखान्याचा की विमानांचा, तेच कळेना. हे म्हणाले, "शत्रूने जेवण तरी करू द्यावं." हसू आलं नाही.

महिला मंडळाने जवानांसाठी मफलर, कानटोप्या, मोजे मागितले आहेत. खाकी लोकर घरोघर आली. ज्या बायकांनी कधी सुई धरली नाही त्या कुंदाताईच्या दारात शिकायला उभ्या. ती सकाळपासून शिकवतेय. आवाज खणखणीत. बोटांनी शिकवते, त्यांचे हात आपल्या हातात धरून. नव्या बायकांना वाटतं, तीच पद्धत असेल.

८ डिसेंबर

कुंदाताईच्या कपाळाला खोक. दाराच्या कडीला आपटली. "ब्लॅकआउट गं! सगळ्यांचंच हे. वरच्या धोंडिरामांनी तर पाण्याच्या पिंपात पाय घातला." खरं आहे. सगळी कॉलनी चाचपडतेय.

पण खोक सकाळी नऊला पडली, हे अण्णा बोलून गेले.

विचारावं? चारही जणींनी मिळून विचारावं? जयंती म्हणाली, लढाई संपू दे.

१८ डिसेंबर, शनिवार

काल लढाई थांबली. काळे कागद फाडून काढले. खिडक्यांतून दिवे दिसतात, मुलं जिन्यात उगीच बटणं लावत-विझवत होती.

संध्याकाळी शेवटचे मफलर घ्यायला कुंदाताईकडे गेले. दार उघडं. ती कॉटवर विणत बसलेली. पावलांवरून मला ओळखलं.

"ये. आधी दिवा लाव बाई. उठलाय ना ब्लॅकआउट? ह्यांना केव्हाची सांगतेय, लावतच नाहीत."

अण्णा समोरच्या खुर्चीत बसले होते. हातात पेपर. वर दिवा लागलेला होता.

अण्णांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. मी बटणाकडे गेले — का गेले? — आणि हात बटणावर ठेवून तशीच उभी राहिले.

२२ डिसेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. अण्णा, ती आणि मी. मी सोबत हवीच असा तिचा हट्ट.

काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता, म्हणाले. ह्यात गेलेलं परत येत नाही. डावा गेलाच. उजव्यात मधे चिमूटभर उरलंय. थेंब घालायचे, ते टिकलं तर टिकलं. अण्णांनी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर हात धूत होते. "पाच-सहा महिने आधी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं."

मग तिला म्हणाले, "तुम्ही बारीक काम करता, विणता. कामात फरक नाही जाणवला?"

"छे हो!" कुंदाताई ताठ बसली. "माझ्या कामात? ह्या बाईंना विचारा. माझं सगळं काम ह्यांच्याच हातांखालून जातं. एक टाका चुकला असेल तर शपथ."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "त्यांचं काम फार चांगलं असतं."

असतं. "असतं" म्हणाले!

२८ डिसेंबर

तिच्याशिवाय बैठक. सुया कुणी काढल्याच नाहीत.

जयंती माझ्यावर घसरली. "जोडणी तुझ्याकडे. सगळं आधी तुला दिसायचं."

"पहिल्यांदा 'ठीक आहे' कोण म्हणालं?"

"मला काय ठाऊक डोळे आहेत ते! मला वाटलं, मन लागत नसेल."

"मलाही तेच वाटलं."

"तुला? पाटीत पाय पडला तेव्हाही?"

शकू रडायला लागली. या वेळी आवाज न काढता. मथुरा म्हणाली, "आता कोणाचो दोष काढतास? चौघींनी मिळान केला ता. तिच्याच नियमाप्रमाणे वागलो असतो तर..."

घरी आल्यावर शांतपणे विचार केला. आम्ही सांगितलं असतं तरी कुंदाताई डॉक्टरकडे गेली असती का? ती साधं डोकं दुखलं तर गोळी घेत नाही. रागावली असती, बैठक मोडली असती, आणि डोळे तरीही गेले असते. आम्ही झाकल्या त्या चुका, डोळे नव्हेत. तिचं तिला जाणवायला हवं होतं. तिला जाणवलं नाही, ह्यात माझा काय दोष?

हे वाचलं तर बरोबर वाटतं. म्हणून तसंच ठेवते.

११ जानेवारी १९७२, मंगळवार

कुंदाताई आली. अण्णांचा हात धरून. अण्णा तिला खुर्चीत बसवून गेले. आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो, एकदम थांबलो.

"मेलंय का कुणी?" ती म्हणाली. "सुया काढा."

साधी ओळ विणायला लागली. बोटं जुनीच, झरझर. आणि बोलत होती. रागावून नाही. सहज, गंमत सांगावी तसं.

"खरं म्हणजे मला आधीच शंका आली होती गं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची. भाद्रपदात ह्यांना म्हटलं, डोळ्यांचं काहीतरी आहे. ह्यांनी दवाखान्यात नावही घातलं. तेव्हा बाळचा स्वेटर चालला होता. मला वाटायचं, माझी वेणी चुकतेय. दिसायची नाही नीट, पण बोटांना लागायचं. मग मी आपलं ठरवलं — हा शिवून येऊ दे. वेणी चुकलेली निघाली तर जायचं डॉक्टरकडे. नाही निघाली तर मनाचे खेळ." हसली. "आणि काय! एक वळण इकडचं तिकडे नाही! सगळ्यांसमोर बघितलं मी, आठवतं? किती सुटल्यासारखं झालं. घरी जाऊन ह्यांना म्हटलं, नाव काढून टाका. मूर्ख बाई मी! हाताला इतकी सवय, डोळे गेले तरी हात चुकले नाहीत. आणि त्या हातांनीच फसवलं बघा."

शकू उठून आत गेली. जयंती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात या वेळी भांडण नव्हतं.

कुंदाताईने आपलं काम डावीकडे धरलं. डावीकडे मी होते.

"बघ गं."

मधे एक टाका सुटलेला.

"सुटलाय एक," मी म्हणाले.

"हो? मग उसव म्हण की. अशी काय रडल्यासारखी बोलतेस?"

१३ जानेवारी

जेवण जात नाही. हे विचारतात, मी पोट म्हणते.

तिला सांगावं का? सांगितलं तर तिच्या पदरात काय पडणार? डोळे नाहीत. उलट तिचे हात चुकले नाहीत, एवढं एक तिच्यापाशी उरलंय. तेही काढून घ्यायचं? माझं ओझं उतरावं म्हणून?

आणि नाही सांगितलं तर? ती जन्मभर स्वतःच्या हातांना दोष देत बसेल. जे त्यांनी केलं नाही त्याचा.

दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या वाटतात. कॉलेजात वादविवादात मला बक्षिसं मिळायची. आज त्याची किळस आली.

एवढं दिसतं, की जुलैपासून मी दर वेळी तिच्यासाठी काय बरं ते ठरवत आले. आताही तेच करतेय.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगूळ द्यायला गेले. लाडू तिच्या हातावर ठेवला आणि परत आले. बाळचं पत्र आलंय म्हणाली. स्वेटर आवडला. "आई, तुझ्या हातचा आजवरचा सगळ्यात चांगला." अण्णांकडून दोनदा वाचून घेतलंय.

१८ जानेवारी, मंगळवार

सांगितलं. बैठकीआधी, तिच्या घरी, दार लोटून घेऊन. पाठ, बाह्या, मोजे, बाळचा पुढचा भाग — सगळं. कुणाकुणाला ठाऊक होतं, तेही.

ओरडेल, रडेल, घालवून देईल, असं काय काय धरून गेले होते. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. मी थांबले तरी तशीच. मग म्हणाली —

"माझं दुरुस्त करताना तुला बरं वाटायचं का गं?"

मी तोंड उघडलं ते 'नाही' म्हणायला. निघालं, "हो."